हेमी कुडा चालवावी की झाकून ठेवावी?

1971 च्या प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल फक्त 11 बनल्या. त्यातल्या एकीला 2014 मध्ये सिअ‍ॅटलच्या लिलावात 35 लाख डॉलरची बोली लागली. ती रोज रस्त्यावर काढणं वेडेपणाच. पण त्या काळातल्या बाकीच्या मसल कार? त्या चालवाव्यात, असं माझं ठाम मत. उभी गाडी टिकते हा भ्रम आहे. अमेरिकेतल्या पेट्रोलमध्ये साधारण 10 टक्के इथेनॉल असतं (आपल्याकडे आता 20). ते ओलावा शोषतं, कार्ब्युरेटर आतून गंजतो, जुन्या रबरी नळ्या खराब होतात. ब्रेक ऑइलही पाणी धरतं, सील सुकतात, टायर एका बाजूला चपटे होतात. जागेवरच दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवणं तर त्याहून वाईट. ऑइल पुरेसं तापत नाही आणि वाफेचं पाणी इंजिनात, सायलेन्सरमध्ये साचतं. अर्धा-पाऊण तास सलग पळवली तरच ते उडतं.

‘गाडी जास्त धावली की किंमत पडते’ हा आक्षेप कधीच रिस्टोअर न झालेल्या गाड्यांपुरता रास्त आहे. रिस्टोअर केलेल्या गाडीत मूळ क्रमांकाचा इंजिन ब्लॉक जास्त मोलाचा. म्हणून काही मालक तो काढून जपतात आणि दुसरा बसवून फिरतात, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. खरा धोका ट्रॅफिकचा. शक्ती अफाट, अनेकींना चारही चाकांना ड्रम ब्रेक, एअरबॅगचा पत्ता नाही. शिवाय ठरलेल्या रकमेच्या क्लासिक विम्यात रोज ऑफिसला नेणं बहुधा बसतच नाही. तेव्हा सुट्टीच्या दिवशी, मोकळ्या रस्त्यावर, आणि कॅमशाफ्ट झिजू नये म्हणून जस्तयुक्त ऑइल घालूनच.