आपला विंडो मॅनेजर, आपणच कंपाइल केलेला

शाहपूर असो की बऱ्हाणपूर, आपल्या बऱ्याच घरांत एखादा जुना डेस्कटॉप 'स्लो झाला' म्हणून कोपऱ्यात पडलेला असतो. मुलांनो, या सुट्टीत त्याच्यावर लिनक्स टाका आणि डीडब्ल्यूएम बसवून बघा.

विंडो मॅनेजर म्हणजे पडद्यावर कोणती खिडकी कुठे आणि केवढी, हे ठरवणारा प्रोग्राम. डीडब्ल्यूएम 2006 सालचा, सी भाषेतला. 2000 ओळींच्या वर जाऊ द्यायचा नाही, हा त्याच्या कर्त्यांचा दंडक. सेटिंगचा मेनू त्यात नाहीच! रंग किंवा कळ बदलायची तर 'कॉन्फिग डॉट एच' फाइलीत बदल करून पुन्हा कंपाइल करायचं. कॉलेजात सी शिकणाऱ्यांना यापेक्षा चांगला गृहपाठ मिळणार नाही.

कंपायलर हवा, शिवाय एक्स-इलेव्हन, एक्सएफटी आणि झिनेरामाच्या डेव्हलपमेंट फाइली. मग 'सुडो मेक क्लीन इन्स्टॉल'. जुन्या मशीनवरही काही सेकंदांचं काम. लॉगिनच्या यादीत मात्र डीडब्ल्यूएमचं नाव आपोआप येत नाही. त्यासाठी 'एक्ससेशन्स' फोल्डरमध्ये एक छोटी फाइल स्वतः लिहावी लागते. आधीचा डेस्कटॉप काढू नका, घरच्यांना तो लागेल. आत गेल्यावर ऑल्ट, शिफ्ट आणि एंटर दाबलं की टर्मिनल उघडतं, पण एसटी हे टर्मिनल वेगळं बसवलेलं हवं.

खरी गंमत पुढे आहे. 'केळी विक्री' नावाची फाइल उघडा आणि वरच्या पट्टीकडे बघा. 'वि'ची वेलांटी व-च्या मागे जाऊन बसते, 'क्री'चा पाय मोडून क् आणि री सुटे होतात. फॉन्टचा यात दोष नाही. देवनागरीत अक्षरं ज्या क्रमाने साठवतात त्याच क्रमाने दिसत नाहीत. जोडाक्षरं जुळवावी लागतात. ब्राउझर हे काम हार्फबझकडून करून घेतो, म्हणून तिथे मराठी नीट दिसतं. डीडब्ल्यूएम एक्सएफटीवर भागवतो, आणि एक्सएफटी नुसती एकापुढे एक चित्रं मांडतो. कमी ओळींच्या हौसेची ही किंमत आहे, आणि माझ्या मते ती इंग्रजीवाल्यांपेक्षा आपल्यालाच जास्त पडते.

उपाय आहे. डीडब्ल्यूएमसाठी पँगोचा पॅच मिळतो. पँगो आतून हार्फबझच वापरतो. पॅच लावा, फॉन्ट म्हणून लोहित किंवा नोटो सॅन्स देवनागरी लिहा, पुन्हा मेक. आवृत्ती जुळली नाही तर 'रिजेक्ट' फाइलीतल्या ओळी हाताने बसवाव्या लागतात. तेवढा धीर नसेल तर आयथ्री घ्या, त्यात पँगो आधीपासूनच आहे.