पावलाला नऊ फ्रेम

झाशी छावणीत कधीकाळी बदलीवर असलेल्या मराठी लष्करी घरांतून आजही एखाद्या काळ्या ट्रंकेत सुपर 8ची रिळं निघतात. परेड, मेसमधली होळी, किल्ल्यापाशी उभी केलेली मुलं. नातवंडं ती हौसेने डिजिटल करून आणतात, टीव्हीवर लावतात आणि आजोबांची अख्खी तुकडी तुरुतुरु पळायला लागते. घरात हशा पिकतो. आजोबांच्या लेखी परेड ही काही थट्टेची गोष्ट नसते.

रिळाचा यात दोष नाही, हिशेब चुकलेला असतो. कोडॅकने 1965 साली आणलेल्या सुपर 8चा नेहमीचा घरगुती वेग सेकंदाला 18 फ्रेम, त्याआधीच्या साध्या 8 मिमीचा बहुधा 16. आपला टीव्ही मात्र 25चा. आपली वीज 50 हर्ट्झची आणि दूरदर्शनची प्रक्षेपणाची पाल पद्धत तिच्या बरोबर निम्म्यावर बसवलेली होती. म्हणून 18च्या फ्रेम 25च्या वेगाने सोडल्या की सगळं जवळजवळ 1.4 पट घाईत.

डबीवर वेग लिहिलेला नसेल तर? मग परेडच घड्याळाचं काम करते. ‘तेज चल’चा ठेका मिनिटाला साधारण 120 पावलांचा, म्हणजे सेकंदाला दोन. 18च्या रिळात एका पावलाला 9 फ्रेम पडतात, 16च्या रिळात 8. संगणकावर एकेक फ्रेम पुढे सरकवत डावी टाच टेकल्यापासून उजवी टेकेपर्यंत मोजायचं. टाच नेमकी कोणत्या फ्रेमला टेकली यावर वाद होतोच, म्हणून दहा-बारा पावलांची सरासरी घ्यावी. उत्तर 9च्या आसपास आलं की निर्धास्तपणे 18 धरा. चुकीच्या फाइलमध्ये हीच तुकडी मिनिटाला 167 पावलं टाकत असते. असली परेड कुठला सुभेदार चालवून घेईल?

पुढे गल्लत होते ती दोन निराळ्या कामांची. वेग बदलणं म्हणजे फ्रेम तेवढ्याच ठेवून वेळ कमीजास्त करणं. फ्रेम-रेट बदलणं म्हणजे वेळ तेवढीच ठेवून फ्रेमची संख्या जुळवणं. 18चं रीळ खऱ्या वेगाने 25मध्ये बसवायचं तर दर सेकंदाला 7 फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात. कॅमेरा आडवा फिरला की किंचित ठेच लागल्यासारखं दिसतं, पण माणसं माणसांसारखी चालतात.

बोलपटांना दूरदर्शनच्या काळात यातला पहिला उपाय, म्हणजे वेग बदलणं, लागू व्हायचा. सोहराब मोदींचा 1953चा ‘झाँसी की रानी’ टेक्निकलरच्या थाटात आला, तरी बोलपटाचा वेग चारचौघांसारखा 24च. 24चा चित्रपट 25ने चालवला की अडीच तासांचा खेळ 144 मिनिटांत आटोपतो. सहा मिनिटं कुणाच्या लक्षात येत नाहीत. गाणं मात्र जवळपास पाऊण अर्धस्वर चढतं, काळी एकमधलं पांढरी दोनकडे सरकतं. टीव्हीबरोबर पेटी वाजवायला बसलेल्याला हा घोळ लगेच कळायचा. अमेरिकेतल्या चुलतभावाकडे लग्नाची कॅसेट पाठवायची तर आणखी वेगळा खटाटोप असायचा. तिकडचा टीव्ही जवळजवळ 30चा, म्हणून वेळ राखायला दर पाचांमागे एका फ्रेमइतकी भर.

दादासाहेब फाळक्यांच्या काळात तर वेग हाताच्या हँडलवर होता. तेव्हाच्या कॅमेऱ्यांत साधारणपणे एका फेऱ्यात 8 फ्रेम, सेकंदाला दोन फेरे. 35 मिमीच्या एका फुटात 16 फ्रेम मावतात, म्हणजे सेकंदाला एक फूट. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागलेला ‘राजा हरिश्चंद्र’ 3700 फुटांचा. या हिशेबाने तासाभराचा खेळ, आणि 24ने सोडला तर 41 मिनिटांत खलास. अर्थात 16 हा आकडाही प्रमाण मानू नये. हात सारखा चालत नसे आणि खेळ दाखवणारेही आपल्या मर्जीने घाई करत. त्याआधी फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ थोडीथोडी टिपून ‘अंकुराची वाढ’ केली, तेव्हा हाच वेगाचा खेळ त्यांनी जाणूनबुजून खेळला. पडद्यावर रोप डोळ्यांदेखत वर आलं आणि पैसे लावणाऱ्याचा विश्वास बसला.

आता एआय मधल्या फ्रेम नव्याने रंगवून देतं. पीटर जॅक्सनने 2018च्या माहितीपटात पहिल्या महायुद्धातले सैनिक संगणकाने मधल्या फ्रेम भरून 24वर आणले, आणि ते बघताना अंगावर काटा येतो हे खरं. पण त्या मधल्या फ्रेम कोणत्याही कॅमेऱ्याने टिपलेल्या नव्हत्या. घरच्या रिळात तर दोन फ्रेममधला झुलता हात कधीकधी वितळल्यासारखा होतो, बोटं सहा होतात. मला ठेच चालेल, सहावं बोट नको.

म्हणून रीळ द्यायला गेलात की दुकानदाराला आधीच सांगा: रिळावरची एक फ्रेम म्हणजे फाइलमधली एक फ्रेम, मधे भर नाही, काटछाट नाही, फाइलवर वेग 18 नोंदवलेला. टीव्हीसाठी 25ची वेगळी प्रत काढून घ्या. उद्या आणखी चांगलं तंत्र आलं तर ते पहिल्या फाइलवरच चालवायचं आहे. तेव्हा नुसती 25ची प्रत हाती असेल, तर दोनदा आलेल्या फ्रेम आधी वेचून काढाव्या लागतील.