वितळलेले क्षार (भाग ६) : लॅन्थॅनम किती वेगाने सरकतो?

अमेरिकेत आयडाहो इथली ईबीआर-२ ही प्रायोगिक अणुभट्टी १९९४ मध्ये थांबली. तिचं वापरलेलं धातुरूप इंधन लिथियम आणि पोटॅशियम क्लोराइडच्या वितळलेल्या मिश्रणात, सुमारे ५०० अंश सेल्सिअसला, विजेच्या साहाय्याने शुद्ध केलं जातं. युरेनियम कॅथोडवर जमतं. लॅन्थॅनम, सिरियम, निओडिमियम ही दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं मात्र मिठातच राहतात आणि साठत जातात. तमिळनाडूत कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रातही याच मिठांचा अभ्यास चालतो.

साठलेली मूलद्रव्यं विजेनेच बाहेर काढायची, तर त्यांचे आयन इलेक्ट्रोडपर्यंत किती लवकर पोहोचतात हे आधी कळायला हवं. त्यांच्या आवकीपेक्षा जास्त प्रवाह ओढला, तर कॅथोडवर नको असलेलं लिथियम जमू लागतं.

एवढ्या तापमानाला आयन सुसाट धावत असतील असं वाटतं. प्रत्यक्षात लॅन्थॅनमचा विसरण गुणांक सेकंदाला एका चौरस सेंटिमीटरच्या एक लाखाव्या भागाच्या आसपास येतो. साध्या पाण्यात विरघळलेल्या आयनांचाही जवळपास एवढाच असतो. एका सेकंदात मजल जेमतेम ०.०५ मिलिमीटरची. तीन धन भार असलेल्या या आयनाला साधारण सहा क्लोराइड आयनांनी घट्ट वेढलेलं असतं, आणि हा सगळा गोतावळा घेऊनच त्याला सरकावं लागतं.

मोजणी होते ती अर्गॉन भरलेल्या बंद पेटीत. हे क्षार हवेतली ओल लगेच शोषतात. ओल शिरली की लॅन्थॅनमचं न विरघळणारं ऑक्सिक्लोराइड तळाशी बसतं आणि वजन करून टाकलेल्या मात्रेवर भरवसा ठेवता येत नाही. मिठात टंगस्टनची बारीक तार बुडवून तिची व्होल्टता एकसारख्या गतीने खाली नेतात. क्लोरीन इलेक्ट्रोडच्या तुलनेत तीन व्होल्टहून थोडं खाली गेलं की लॅन्थॅनम एकदम तीन इलेक्ट्रॉन घेतो आणि तारेवर धातू होऊन बसतो. प्रवाह चढतो, शिखर गाठतो आणि तारेजवळचे आयन संपल्यामुळे उतरतो. त्या शिखराच्या उंचीवरून विसरण गुणांक काढता येतो.

पण कोणत्या सूत्राने? रँडल्स आणि शेवचिक यांचं १९४८ मधलं सूत्र सर्वांच्या ओळखीचं आहे. ते लागू पडतं ते विक्रियेआधीचा आणि नंतरचा, दोन्ही पदार्थ द्रवात विरघळलेले असतील तेव्हा. इथे तर घन धातू तयार होतो. त्यासाठी बर्झिन्स आणि डेलाहे यांनी १९५३ मध्ये वेगळं सूत्र दिलं, त्यात ०.४४६ ऐवजी ०.६१ हा आकडा येतो. फरक किरकोळ दिसतो, पण गुणांक काढताना त्याचा वर्ग होतो. चुकीचं सूत्र वापरलं तर उत्तर जवळपास १.९ पट फुगतं. प्रयोग निर्दोष, आकडा मात्र दुप्पट!

तारेच्या क्षेत्रफळाचाही असाच वर्ग होतो. तार किती बुडाली हे ठरवताना ५ टक्के चूक झाली तर उत्तरात सुमारे १० टक्के चूक येते. वितळलेलं मीठ तारेवर थोडं वर चढतं, त्यामुळे पृष्ठभागाची पातळी नेमकी ठरवणं अवघड. यावरचा तोडगा सुरेख आहे : तार टप्प्याटप्प्याने ठरावीक अंतर खाली न्यायची आणि दर टप्प्याला शिखर किती वाढलं तेवढंच पाहायचं. मग सुरुवातीची पातळी माहीत असण्याची गरजच उरत नाही.

पडताळ्यासाठी सँडची १९०१ मधली पद्धत आहे. प्रवाह स्थिर ठेवायचा आणि तारेलगतचे आयन संपायला किती वेळ लागतो ते मोजायचं. हा वेळ थोडकाच ठेवावा लागतो. लांबला तर मिठात संवहनाचे प्रवाह सुरू होतात. शिवाय जमलेला धातू खडबडीत वाढून क्षेत्रफळ बदलतं. दोन्ही पद्धतींची उत्तरं जुळली तरच आकडा ग्राह्य धरावा.

समारियम, युरोपियम आणि यटर्बियम यांची वाट वेगळी आहे. टंगस्टनवर ते तीनवरून दोन भारांपर्यंतच उतरतात आणि विरघळलेलेच राहतात, म्हणून त्यांना रँडल्स-शेवचिक सूत्रच योग्य ठरतं. या तिघांना मिठातून बाहेर कसं काढायचं, ते पुढच्या भागात.