तार आधी, कायदा मागून

नागपूरच्या सक्करदऱ्यात आमच्या घरासमोर कडुनिंब आहे. त्याच्या फांद्यांतून काळ्या तारांचे चार-पाच फेरे अजून लोंबतात. सगळ्या मेलेल्या. एकेका तारेचा काळ मला ओळखता येतो, कारण प्रत्येक नवी तार ओढली जाताना जुनी काढायची कुणाला गरजच वाटली नाही. केबलवाल्या भाऊंचा पोऱ्या सायकलच्या हँडलला तारेचं भेंडोळं अडकवून यायचा, झाडावर चढायचा आणि वरूनच ओरडायचा, ‘काकू, आता दिसते का?’ काकू आतून ओरडायची, ‘मुंग्या आहेत!’

केबलआधी आमच्याकडे फक्त दूरदर्शन होतं. इन्सॅटच्या जमान्यात नागपूरच्या वाट्याला उपग्रह दूरदर्शन केंद्र आलं, सेमिनरी हिल्सच्या टेकडीवर. त्या काळाचं कौतुक इतरांनी पुष्कळ लिहिलंय. मला आठवते ती गल्लीतली टीव्ही दुरुस्तीवाल्याची आणि व्हिडिओ लायब्ररीवाल्याची जोडी. एकाकडे व्हीसीआर, दुसऱ्याला वायरिंगची अक्कल. दोघांनी मिळून वीस-पंचवीस घरांत तार टाकली आणि रोज दोन सिनेमे लावू लागले. १९९१ च्या जानेवारीत आखाती युद्ध पेटलं, सीएनएनचं नाव ऐकू येऊ लागलं, त्याच वर्षी हाँगकाँगच्या स्टार टीव्हीच्या वाहिन्या एशियासॅट-१ वरून उतरू लागल्या. गच्चीवर छत्री लागली. २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही आलं आणि छत्रीचा खर्च वसूल झाला. परवाना नाही, कायदा नाही, वाहिनीवाल्याला पत्ताही नाही. विजेचा खांब सरकारचा, झाड देवाचं, तार भाऊंची.

कायदा आला तोवर जाळं विणून झालं होतं. २९ सप्टेंबर १९९४ ला वटहुकूम निघाला आणि १९९५ च्या मार्चमध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा झाला. कायद्याने सांगितलं काय, तर मुख्य पोस्ट ऑफिसात जा, फॉर्म भरा, नोंदणी करा. वाढलेल्या पोराचा जन्मदाखला काढावा तसा हा प्रकार.

नेमक्या त्याच महिन्यात, १ मार्च १९९५ ला, दक्षिण कोरियात केबल टीव्ही सुरू झाला. तिथे गाडी उलट्या दिशेने आली होती. कायदा १९९१ च्या अखेरीसच मंजूर झाला होता. कार्यक्रम कोण करणार, भागाभागात ते कोण पुरवणार आणि तार कोण ओढणार, अशी तीन वेगळी खाती आधी ठरली. एकाने दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा नाही. तारेचं काम टेलिफोन कंपनीकडे आणि वीज कंपनीकडे. कागदावर सगळं देखणं, धंदा मात्र बसेना. सॅमसंग, ह्युंदाई, देवू या बड्या घराण्यांनी वाहिन्या काढल्या, १९९७ च्या आर्थिक संकटात हात पोळले आणि एकेकाने अंग काढून घेतलं.

टिकून राहिलेल्यांत एक होती साखरवाली कंपनी. चेइलजेदांग, म्हणजे आजची सीजे. १९५३ मध्ये साखर कारखान्यापासून सुरुवात, पुढे सॅमसंगपासून फारकत. त्यांनी १९९७ मध्ये एमनेट ही संगीतवाहिनी घेतली आणि ९ ऑक्टोबर २००६ ला टीव्हीएन सुरू केली. पहिली काही वर्षं टीव्हीएनची कीर्ती चांगली नव्हती. सनसनाटी, उथळ म्हणून लोक नाकं मुरडत. मग त्यांनी केलं ते साधं पण खर्चिक काम: केबीएस या सार्वजनिक वाहिनीतले हुशार दिग्दर्शक उचलले. शिन वोन-होने २०१२ मध्ये ‘रिप्लाय १९९७’ ही मालिका केली, ना यंग-सोकने २०१३ मध्ये म्हाताऱ्या नटांना पाठीवर पिशव्या देऊन परदेशी फिरवलं. केबलची वाहिनी मोठ्या वाहिन्यांच्या बरोबरीने बोलू लागली. मला सगळ्यात बोलका वाटतो तो २०१९ चा व्यवहार. सीजेने आपली केबल पुरवणारी कंपनी एलजी यूप्लसला विकून टाकली. तार विकली, गोष्टी ठेवल्या.

आपल्याकडे भांडण राहिलं तारेचंच. या गल्लीत माझी, त्या गल्लीत तुझी. रात्रीतून तारा कापल्या जायच्या. भाऊंच्या वर एमएसओ आले, म्हणजे अनेक केबलवाल्यांना वाहिन्या पुरवणारे कंट्रोल रूमवाले. त्यांतलं यूसीएन तर नागपूरचंच. करमणूक कर महापालिका हद्दीत जोडणीमागे ४५ रुपयांवर गेला, तेव्हा जोडण्या कागदावर आटायच्या आणि झाडावर वाढायच्या. जुन्या अ‍ॅनालॉग तारेत शंभराच्या आसपासच वाहिन्या मावायच्या, म्हणून चांगल्या क्रमांकासाठी वाहिन्याच एमएसओला कॅरेज फी द्यायच्या. पैसा मिळायचा जागेचा, कार्यक्रमाचा नव्हे. ३१ मार्च २०१३ ही केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांची मुदत; त्यात नागपूर होतं. सेट टॉप बॉक्स आला, डोकी मोजता येऊ लागली.

नागपूरने तारेत स्वतःचं काही घातलंच नाही, असं म्हणणं मात्र अन्याय होईल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची काळी-पिवळी मारबत गर्दीत न घुसता पाहायची सोय लोकल केबलनेच केली. आणि लॉर्ड बुद्धा टीव्ही व आवाज इंडिया या वाहिन्या याच शहरातून उभ्या राहिल्या. मोठ्या वाहिन्यांच्या बातम्यांत दीक्षाभूमीची गर्दी वर्षातून एकदा, दोन मिनिटं दिसते; इथे आंबेडकरी समाज बारा महिने स्वतःबद्दल बोलतो. शेटजींच्या भांडवलाविना हे झालं, याचं मोल मी टीव्हीएनपेक्षा कमी धरत नाही.

पण पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं काय? देसाईगंज-वडसा इथे नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या दिवसांत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात, लोक तिकीट काढून थंडीत बसतात. लेखक, नट, गायक, प्रेक्षक सगळं तयार. ‘रिप्लाय’सारखी मालिका व्हायला आणखी काय लागतं? मुंबईच्या मालिकांनी आमच्या विदर्भातल्या वऱ्हाडी बोलीला घरगड्याच्या आणि विनोदी पाहुण्याच्या तोंडी ठेवलं, हे आम्ही पंचवीस वर्षं त्याच तारेतून, महिन्याचे पैसे भरून पाहिलं.

माझी भाची टीव्हीएनच्या मालिका मोबाइलवर पाहते. ‘रिप्लाय १९८८’मधली सोलची गल्ली तिला पाठ आहे, कोणत्या घरात कोण राहतं हे विचारा. इंटरनेट तिला भाऊच देतात. तीच शिडी, तार तेवढी पातळ झाली. मागच्या महिन्यात त्यांचा माणूस फायबर टाकायला आला तेव्हा मी म्हटलं, या जुन्या तारा तरी काढ बे. त्याने दोन फेरे उतरवून भंगारवाल्यापुढे टाकले. भंगारवाल्याने टोक सोलून पाहिलं. आत लोखंड, वरून तांब्याचा मुलामा. ‘नाही जमत, काका,’ म्हणाला आणि गाडी ढकलत पुढे गेला. भेंडोळं अजून फाटकाशी पडलंय.