व्यग्र जीवनक्रम आणि नैराश्यावरील उपचार : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

'नैराश्य' हा शब्द व्यवहारात आपण फार सैलपणे वापरतो. परीक्षेतील अपयश, पिकाची नासाडी किंवा आप्ताचा मृत्यू यांमुळे येणारी खिन्नता आणि वैद्यकशास्त्रास अभिप्रेत असलेला नैराश्यविकार या दोन भिन्न गोष्टी होत. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या प्रचलित निकषांनुसार या विकाराची नऊ लक्षणे मानली जातात : मनाची उदासी, कशातही गोडी न वाटणे, निद्रेतील बिघाड, भूक व वजन यांतील बदल, थकवा, एकाग्रतेचा अभाव, अपराधीपणाची भावना, हालचालींतील मंदपणा वा अस्वस्थता आणि मृत्यूचे विचार. यांपैकी निदान पाच लक्षणे सलग दोन आठवडे टिकली, त्यांत पहिल्या दोहोंपैकी एक असले आणि नित्यव्यवहार बिघडू लागला, म्हणजे हा विकार संभवतो असे समजावे.

बंगलोरच्या 'निम्हान्स' या संस्थेने 2015-16 साली बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत असे दिसून आले की, प्रौढांपैकी सुमारे वीसांत एकास आयुष्यात केव्हातरी हा विकार झालेला असतो. आणि तो असलेल्यांपैकी सुमारे 85 टक्के लोक उपचाराविना राहतात. या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. परंतु भंडारा जिल्ह्यास लागून असलेला मध्यप्रदेश होता. विदर्भापुरते पाहावयाचे तर अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत राबविलेल्या 'विश्राम' या उपक्रमाची आकडेवारी उद्बोधक आहे. उपक्रमाच्या आरंभी नैराश्यग्रस्तांपैकी केवळ 4.3 टक्के लोकांनी कोणत्याही स्वरूपाचे साहाय्य घेतले होते. दीड वर्षानंतरच्या पाहणीत हे प्रमाण 27.2 टक्क्यांवर गेले. गावातील माणसांनीच गावात जाऊन विकाराची ओळख करून दिली आणि उपचार दाराशी आणला, हे या वाढीचे मुख्य कारण होय.

उपचार न घेण्याचे कारण विचारले असता 'वेळ नाही' हे उत्तर वारंवार ऐकू येते. ते खोटे नाही. भंडारा जिल्ह्यात मृगाच्या पावसाबरोबर पऱ्हे टाकले की रोवणी संपेपर्यंत शेतकऱ्यास आणि विशेषतः रोवणी करणाऱ्या स्त्रीस दिवस पुरत नाही. जवाहरनगरचा आयुधनिर्माण कारखाना, वरठीचा पोलाद कारखाना, तुमसर तालुक्यातील मँगनीजच्या खाणी येथील कामगार पाळ्यांत बांधलेला असतो. नागपूरहून नित्य ये-जा करणारा प्राध्यापक आणि प्रबंधाची मुदत जवळ आलेला संशोधक यांचीही स्थिती वेगळी नाही. तथापि या उत्तराचे पृथक्करण केल्यास त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या दिसतात. पहिली, प्रवास व बुडणारी मजुरी यांचा खरा खर्च. दुसरी, मनोविकार विभागाच्या दाराशी कोणी ओळखीचे भेटेल ही भीती. तिसरी, आणि ती सर्वांत कमी ओळखली जाणारी, म्हणजे विकार स्वतःच. नैराश्यात एका तासाचे काम तीन तास घेते. निर्णय लांबणीवर पडतात. रात्र जागरणात जाते. वेळेचा हा तुटवडा पुष्कळदा विकाराचे कारण नसून त्याचा परिणाम असतो. म्हणून 'काम आटोपल्यावर उपचार घेऊ' हा संकल्प बहुधा सिद्धीस जात नाही. कारण काम आटोपू न देणे हाच विकाराचा स्वभाव आहे.

मग उपचारास प्रत्यक्ष वेळ किती लागतो? गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगत' या संस्थेने केलेला प्रयोग येथे लक्षात घ्यावा. त्याचे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षित अशा समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांस सहा ते आठ बैठकी दिल्या. प्रत्येक बैठक तीस ते चाळीस मिनिटांची होती. तीन महिन्यांनी या गटातील 64 टक्के रुग्ण विकारमुक्तीच्या मर्यादेत आले. केवळ नेहमीची वैद्यकीय सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण 39 टक्के होते. आठ बैठकी पूर्ण धरल्या तरी एकूण काळ साडेपाच तासांहून कमी भरतो. या पद्धतीचे तत्त्व साधे आहे : उत्साह येईल तेव्हा कृती करू असे न म्हणता, लहान, अर्थपूर्ण कृती ठरवून कराव्या, उत्साह कृतीच्या मागून येतो.

औषधोपचारासही फार वेळ लागत नाही, परंतु धीर लागतो. नैराश्यविरोधी औषधांचा गुण बहुधा दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो. मळमळ, डोकेदुखी यांसारखे त्रास मात्र आरंभीच जाणवतात. त्यामुळे अनेक जण गुण येण्यापूर्वीच औषध सोडतात. बरे वाटू लागल्यावरही ते निदान सहा महिने चालू ठेवावे आणि वैद्याच्या सल्ल्यानेच क्रमशः कमी करावे. औषध सुरू करण्यापूर्वी, पूर्वी कधी अतिउत्साहाचा झटका आला होता काय, हे वैद्यास अवश्य सांगावे. कारण तशा विकारात उपचाराची दिशा बदलते. तसेच पूर्व विदर्भात रक्तक्षय व सिकलसेल आढळत असल्याने, आणि अवटुग्रंथीच्या मांद्यानेही थकवा येत असल्याने, रक्ततपासणी प्रथमच करून घेणे श्रेयस्कर. मात्र रक्तदोष सापडला म्हणून नैराश्य नाही असे ठरत नाही.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात 1996 साली सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात बाह्यरुग्ण सेवा आणि तालुक्यांकडे तिचा विस्तार अशी त्याची रचना आहे. लाखांदूर वा पवनीकडील रुग्णास म्हणूनच प्रथम जवळच्या आरोग्य केंद्रात विचारणा करणे सोयीचे. अधिक गुंतागुंतीच्या विकारासाठी सुमारे साठ किलोमीटरवरील नागपूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ज्यास दिवसा निघणेच शक्य नाही त्याच्यासाठी 2022 च्या ऑक्टोबरात सुरू झालेली 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा आहे. 14416 या क्रमांकावर ती अहोरात्र व विनामूल्य मिळते. पाळी संपल्यावर वा रात्री घर निजल्यावरही पहिले पाऊल टाकता येते, हे तिचे महत्त्व. लोकांस कळेल या भीतीस 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमात काही प्रमाणात उत्तर आहे : कलम 18 ने उपचाराचा आणि कलम 23 ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे.

नियोजनाचा प्रश्न उरतो. पहिली भेट मोकळ्या हंगामासाठी राखून ठेवू नये. पुढील भेटी मात्र हंगाम पाहून मागाव्या. रोवणी वा परीक्षांचा काळ येणार असल्यास तसे आधीच सांगितल्यास दोन भेटींमधील अंतर व औषधाचा साठा वैद्यास त्या बेताने ठरविता येतो. या सर्वांस एक अपवाद आहे. जीव देण्याचे विचार येत असतील तर हंगाम, पाळी, प्रबंध यांपैकी कशाचाही विचार न करता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, आणि सोबतीच्या माणसाने त्या व्यक्तीस एकटे सोडू नये.

विद्यापीठीय वर्तुळास या विवेचनाचा दुहेरी उपयोग आहे. धानाच्या हंगामात मनोविकार विभागातील उपस्थिती कशी बदलते, अर्धवट सोडलेले उपचार कोणत्या महिन्यांत अधिक असतात, हे आपल्या जिल्ह्यांत अभ्यासण्याजोगे प्रश्न आहेत. दुसरा उपयोग अधिक निकटचा आहे. मार्गदर्शकाने विद्यार्थ्यास आठवड्यातील एक तास निःशंकपणे मोकळा करून दिला, आणि विद्यार्थ्याने तो मागताना संकोच केला नाही, तर गोव्यात जे साडेपाच तासांत साधले ते आपल्या विभागांतही साधता येण्यास मोठी अडचण उरणार नाही.