ओवा घाला, पण आधी तूस कोरडं करा

नायट्रोफ्युरान आणि क्लोरॅम्फेनिकॉल अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना देण्यावर केंद्राने 2025 मध्ये बंदी घातली. तेव्हापासून पोल्ट्रीवाल्यांसमोर 'हर्बल'च्या बाटल्या नाचवल्या जाताहेत. त्यातला रक्ती हगवण थांबवण्याचा दावा तपासण्याजोगा आहे, कारण या रोगाने कोंबडीधंद्याचं जगभर होणारं नुकसान 2016 च्या किमतींनी 10.4 अब्ज पौंडांच्या घरात जातं.

रोग आयमेरिया या परजीवीचा. त्याची टेनेला ही जात पिलांच्या विष्ठेत रक्त आणते; बाकीच्या बऱ्याच जाती गुपचूप वजन खातात. ब्रॉयलरच्या खाद्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन मिसळतात ते यासाठीच. पण लॉटमागून लॉट तेच औषध चाललं की परजीवी त्याला सरावतो.

मग वनस्पती? ओव्यातलं थायमॉल आणि ओरेगॅनोतलं कार्व्हाक्रॉल आयमेरियाला त्रास देतात, हे प्रयोगशाळेत दिसलंय. मलेरियावरच्या ज्या औषधाच्या शोधासाठी चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना 2015 चं नोबेल मिळालं, ते आर्टेमिसिनिन इथेही आजमावलं गेलं. मलेरियाचा परजीवी आयमेरियाचा लांबचा भाऊबंदच. काही प्रयोगांत विष्ठेतली परजीवीची अंडी घटली, काहींत फारसा फरक पडला नाही. वनस्पतीत औषधी घटक किती उतरतो, ते रोपाच्या वाणावर आणि काढणीच्या वेळेवर ठरतं. बाटलीवर यातलं काही छापलेलं नसतं.

मला सगळ्यात बोलकी वाटते ती चांगशानची गोष्ट. चीनमध्ये तापावर शतकानुशतकं वापरलेलं हे झुडूप हिमालयाच्या पट्ट्यातही उगवतं. त्यातलं फेब्रिफ्यूजिन मलेरियावर चालायचं, पण रोग्याला ओकाऱ्या व्हायच्या. रसायनशास्त्रज्ञांनी त्याची रचना जराशी बदलली आणि हॅलोफ्युजिनोन तयार झालं. टनभर खाद्यात फक्त 3 ग्रॅम, तरी रक्ती हगवण आटोक्यात! पुढे लक्षात आलं, की काही कोंबड्यांची कातडी कापणीच्या वेळी सहज फाटतेय. हे औषध कातडीला बळकटी देणारं कोलॅजनच पुरेसं तयार होऊ देत नव्हतं. त्या दोषाचा धागा पकडून माणसाच्या कातडी कठीण करणाऱ्या आजारावर संशोधन झालं, हा भाग वेगळा. वनस्पतीत दम असेल तर तिला मात्रा असते, दुष्परिणामही असतात. 'काहीच अपाय नाही' म्हणणाऱ्या बाटलीकडे मी म्हणूनच संशयाने पाहतो.

अमेरिकेत मोनेन्सिनसारखी औषधं प्रतिजैविकांत मोजतात. 'प्रतिजैविकाविना वाढवलेली' असं लेबल हवं तर ती सोडावी लागतात. टायसन या बड्या कंपनीने ती 2017 मध्ये सोडली आणि 2023 मध्ये परत घेण्याचं जाहीर केलं. एवढा पैसा आणि पशुवैद्यांची फौज हाताशी असणाऱ्यांनी माघार घेतली, तिथे आपल्या करारावरच्या पाच हजार पक्षीवाल्याने बाटलीवर लॉट पणाला का लावावा?

ओवा, लसूण जरूर घाला, जोडीला म्हणून. पण परजीवीची अंडी पिकतात ती ओल्या, उबदार तुसात, आणि नेहमीची जंतुनाशकं त्यांना दाद देत नाहीत. गळकी निप्पल बदला, तूस खाली-वर करा, शेडमध्ये वारा खेळू द्या. लस आहे, तिच्याबद्दल पशुवैद्याला विचारा. आणि हर्बलवाला आला तर त्याच्याकडे आयमेरियाच्या कोणत्या जातीवर, किती मात्रेत, या रोगावरच्या अ‍ॅम्प्रोलियम या औषधाच्या तुलनेत वजन किती भरलं, याचे आकडे मागा. आकडे नसतील तर बाटली घेऊ नका.