माळ्यावरचा तंबोरा



कल्याणजवळच्या आमच्या एका गटातल्या मावशींनी घर दुरुस्तीला काढलं. माळ्यावर सासऱ्यांचा तंबोरा निघाला. सासरे त्यावर भजन म्हणत. भोपळ्याला चीर गेलेली, तारा गंजलेल्या. भंगारवाला 200 रुपये देत होता. बैठकीत मावशींनी विचारलं, “देऊन टाकू का?” आम्ही म्हटलं, आधी ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ.

तंबोऱ्याचा भोपळा भाजीचा नव्हे. जाड सालीचा हा भोपळा पंढरपूर भागातले शेतकरी पिकवतात. तो वाळवून, कोरून त्याला लाकडी दांडी जोडायचं काम मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या करतात. 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा पोकळ असतो, म्हणून तारेचा नाद आत घुमतो. तारा ज्या घोडीवर टेकतात, तिथे सुताचा दोरा सरकवून गुंजन जुळवतात. त्याला जवारी म्हणतात.

जुनी वाद्यं पाहायची असतील तर पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. दिनकर केळकर आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनी गावोगावहून दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्यं जमवली. लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहालयाला दिलं आणि 1975 साली सगळा ठेवा सरकारच्या हवाली केला. त्या दोघांनी जमवली नसती, तर यातलं कितीतरी भंगारातच गेलं असतं.

पण काचेमागचं वाद्य मुकं असतं. इटलीत क्रेमोना नावाचं गाव आहे. तिथल्या व्हायोलिन संग्रहालयात मैफिलीचा खास दिवाणखाना आहे. तीनशे वर्षांपूर्वीची व्हायोलिनं जाणकार कलाकार तिथे वाजवतात. 2019 साली त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा होता. जुनं लाकूड किती दिवस साथ देईल, याची काळजी होती. तेव्हा जवळजवळ पाच आठवडे आसपासचे रस्ते बंद ठेवले. गोंगाट करू नका, अशी विनंती महापौरांनी गावाला केली. आपल्या स्टेशनबाहेरचे भोंगे आठवा, म्हणजे त्याचं मोल कळेल.

जुन्या वाद्याचा आवाज नाजूक असतो. त्याला लाउडस्पीकर नको, लहान खोली आणि शांत कान हवेत. आपली घरगुती बैठक म्हणजे दुसरं काय?

मावशींनी तंबोरा विकला नाही. कारागिराने चीर सांधली, तारा बदलल्या. खर्च 200 रुपयांच्या कितीतरी पट आला. तो भजनी मंडळातल्या बायकांनी वाटून घेतला. आता दर एकादशीला तो वाजतो.

तुमच्याकडे असा तंबोरा असेल तर एवढं करा. ओल आणि ऊन लागू देऊ नका. गवसणी घाला. भोपळा उघड्या फरशीवर न ठेवता आपल्या हंड्याखालच्या चुंबळीसारखी चुंबळ करून तीवर टेकवा. बरेच दिवस वाजणार नसेल तर तारा सैल करा. आणि भंगारवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे कोण वाजवायचं?